पट्टीवरचं तापमान

"आकडा उडाला की मला हाक मारा," एवढं सांगून दीक्षित साहेब बाहेर पडले. मी स्टूल ओढून कॉम्प्युटरच्या बाजूला बसले आणि स्क्रीनच्या सगळ्यात वरच्या ओळीकडे बघत राहिले. त्या ओळीला कारखान्यात सगळे पट्टी म्हणत. पट्टीवर तीन रिअ‍ॅक्टरची तापमानं जाड, मोठ्या आकड्यांत दिसत. एक आणि तीन नंबरचे रिअ‍ॅक्टर त्या दिवशी रिकामे होते. दोन नंबरमध्ये बॅच चालू होती. तिथे चाळीस दिसत होते, आणि चाळीसच असायला हवे होते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी पालघरच्या एका लहानशा फर्ममध्ये सर्व्हिस इंजिनिअर होते. तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांचे कॉम्प्युटर आम्ही सांभाळायचो. बहुतेक काम अकाउंट्सच्या मशीनचं असायचं. प्रिंटरमध्ये कागद अडकला, फ्लॉपी वाचत नाही, कुणीतरी फाइल उडवली. सकाळी माकुणसारहून निघायचं, पालघरच्या ऑफिसात हजेरी लावायची, मग एसटीने बोईसर आणि पुढे रिक्षा. बॅगेत स्क्रू ड्रायव्हर, बूट फ्लॉपी आणि जेवणाचा डबा.

हा कारखाना कापडाच्या रंगाला लागणारं एक रसायन बनवायचा. त्याचं नाव सांगत नाही. दीक्षित साहेब तिथले प्रॉडक्शन मॅनेजर. त्यांची तक्रार अशी होती की पट्टीवरचे आकडे मधेच उड्या मारतात आणि थोड्या वेळाने आपोआप जागेवर येतात. त्यांच्या लोकांनी सेन्सर बदलून पाहिला होता, वायरही नवीन टाकली होती. फरक पडला नव्हता. आता पाळी आमची होती.

रिअ‍ॅक्टर म्हणजे आत ढवळणी लावलेलं मोठं बंद भांडं. त्यातल्या मालात अ‍ॅसिड बारीक धारेने सोडायचं. दोन्ही एकत्र आले की उष्णता निघते. ती काढून घ्यायला भांड्याभोवती दुसरं कवच असतं, आणि त्यातून बर्फासारखं थंड खारं पाणी फिरवतात. त्याला ब्राइन म्हणतात. एक व्हॉल्व्ह अ‍ॅसिडचा, एक ब्राइनचा. सगळा खेळ या दोघांचा. तापमान फार वर गेलं तर माल स्वतःच स्वतःला तापवत सुटतो, मग कितीही ब्राइन सोडा, आवरत नाही. भांडं फुटू शकतं. फार खाली गेलं तरी ते बरं नव्हे, कारण अ‍ॅसिड वापरलं न जाता आत साठत राहतं आणि नंतर सगळं एकदम उसळतं. म्हणून ऑपरेटरला आकडा खाली गेलेलाही चालत नाही.

ऑपरेटर होते तामोरे. किनाऱ्याकडचे, पण नोकरीमुळे सरावलीत येऊन राहिलेले. कंट्रोल रूमच्या काचेपलीकडे लोखंडी प्लॅटफॉर्मवर दोन नंबरच्या तोंडाशी ते उभे होते. रिअ‍ॅक्टरला जुन्या पद्धतीचा एक गोल डायल होता, पण अ‍ॅसिडच्या वाफेने त्याची काच पिवळी पडली होती. कॉम्प्युटर आल्यापासून त्याच्याकडे कोणी बघत नसे. स्क्रीन काचेकडे तोंड करून ठेवला होता. तामोरे मान वळवून पट्टी बघत आणि व्हॉल्व्ह फिरवत.

कॉम्प्युटरसमोर शिफ्ट केमिस्ट नाईक बसले होते. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माल घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासणीला येणार होती. त्यांना जुन्या बॅचेसचे रिपोर्ट दाखवायचे होते. नाईकांनी रिपोर्टचा प्रोग्रॅम चालू केला. स्क्रीनवर ताऱ्यांच्या चिन्हांनी एका जुन्या बॅचच्या तापमानाचा आलेख उमटू लागला. प्रिंटर खरखरायला लागला.

आणि पट्टीवरचा चाळीस एकदम छत्तीस झाला.

"उडाला," मी म्हटलं.

दीक्षित साहेब आत आले. "हेच ते. रिपोर्ट संपला की परत येतो जागेवर."

"दर वेळी रिपोर्ट काढतानाच होतं का?"

"बहुतेक. पण रिपोर्ट आम्ही बॅच संपल्यावरच काढतो, त्यामुळे कुणाचं अडलं नव्हतं. आज उद्याच्या तपासणीसाठी घाई आहे म्हणून मधेच काढतोय."

"मग आत्ता रिपोर्ट थांबवू या. मला मशीन बघू द्या."

"मॅडम, सगळे रिपोर्ट आज संध्याकाळपर्यंत बाइंड होऊन हवेत. ते झाले की मशीन तुमचं. चार अंशांचा फरक आहे, तामोरे सांभाळून घेतील."

क्लायंटचा मॅनेजर नाही म्हणतो तेव्हा सर्व्हिस इंजिनिअर स्टुलावर बसून राहतो. पण बसल्या बसल्या माझं लक्ष पट्टीच्या पहिल्या आकड्याकडे गेलं. एक नंबरचा रिअ‍ॅक्टर. मघाशी तिथे एकोणतीस होते, म्हणजे खोलीत होतं तेवढंच. आता बावन्न दिसत होते.

"नाईक साहेब, एक नंबरमध्ये काही आहे का?"

"नाही हो. धुऊन झाकण उघडं ठेवलंय."

उघड्या, रिकाम्या भांड्याचं तापमान बावन्न होत नाही. आणि एकाच क्षणी दोन वेगवेगळ्या भांड्यांचे सेन्सर बिघडत नाहीत. म्हणजे दुखणं सेन्सरमध्ये नव्हतं, मशीनच्या आत होतं.

इथे थोडं थांबून त्या काळच्या मशीनबद्दल सांगायला हवं. तेव्हा डॉस नावाची सिस्टिम होती. डॉसमध्ये प्रोग्रॅमला वापरायला मेमरी मिळायची सहाशे चाळीस के, म्हणजे किलोबाइट. आजचा मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. मशीनमध्ये जास्त मेमरी बसवली तरी डॉसला ती सरळ दिसायची नाही. या सहाशे चाळीसच्या वर थोडा भाग मशीनमध्ये बसवलेल्या कार्डांसाठी राखीव असे. या कारखान्यात सेन्सरच्या वायरी ज्या कार्डाला येत, ते कार्ड ताजी तापमानं त्या राखीव भागातल्या एका ठरलेल्या पत्त्यावर मांडून ठेवायचं. पट्टीचा प्रोग्रॅम मेमरीत कायम मुक्कामाला असायचा. दुसरं काही काम चालू असलं तरी तो पुन्हा पुन्हा त्या पत्त्यावर डोकावायचा, तिथे जे असेल ते पट्टीवर लिहायचा, आणि आकडा जास्त असेल तर हूटर वाजवायचा.

साधारण महिन्यापूर्वी याच कारखान्यातून वेगळी तक्रार आली होती. पट्टी चालू असताना रिपोर्टचा प्रोग्रॅम चालत नाही, मेमरी अपुरी असल्याचा निरोप येतो. तेव्हा आमच्या ऑफिसातला अजित येऊन गेला होता. त्याने एक्स्पांडेड मेमरी चालू करून दिली होती. ती युक्ती अशी. जास्तीची मेमरी म्हणजे लांबचं गोदाम. तिथला माल सरळ वापरता येत नाही, म्हणून थोडा थोडा उचलून एका ठरलेल्या खिडकीत आणून मांडायचा. काम झालं की तो उचलायचा आणि पुढचा मांडायचा. ही खिडकी असते त्याच वरच्या राखीव भागात. मशीन चालू होताना कुठली जागा मोकळी आहे हे मेमरी मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम स्वतःच शोधतो आणि तिथे खिडकी पाडतो.

स्टुलावर बसून मी हेच आठवत होते. खिडकी नेमकी कुठे पडली असेल? कार्ड त्याचा प्रोग्रॅम सुरू होईपर्यंत झोपलेलं असतं. मशीन चालू होताना मेमरी मॅनेजरला ती जागा रिकामी दिसली असेल तर?

तेवढ्यात स्क्रीनवर आलेखाचा पुढचा तुकडा उमटला. त्या जुन्या बॅचच्या वेळी बहुतेक वीज गेली असावी आणि अ‍ॅसिड थांबवावं लागलं असावं. ताऱ्यांची ओळ सरळ चालत येऊन एकदम खाली उतरली होती.

पट्टीवरचा दोन नंबरचा आकडाही छत्तीसवरून उतरला. चौतीस. एकतीस.

मी आलेखाकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं. आलेखात एकतीस. पट्टीवर एकतीस. पट्टी आता कार्ड वाचतच नव्हती. कार्डाच्या पत्त्यावर रिपोर्टवाल्याने आपला माल मांडला होता, आणि रिपोर्ट व पट्टी एकाच कंपनीने लिहिलेले असल्यामुळे दोघांचा माल मांडायची पद्धतही एकच होती. पट्टी तो माल आजचा समजून वाचत होती. ते महिन्यापूर्वीच्या कुठल्या तरी बॅचचं तापमान होतं.

काचेपलीकडे तामोऱ्यांनी मान वळवून पट्टी बघितली. आकडा एवढा उतरलेला बघून त्यांनी जे करायला हवं तेच केलं. छत्तीस दिसल्यापासून थोडा थोडा कमी केलेला ब्राइनचा व्हॉल्व्ह आता पूर्ण आवळायला घेतला.

"तामोरे, थांबा. ब्राइन बंद करू नका," मी काचेवर हात मारत म्हटलं. ढवळणीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. मी दार उघडून प्लॅटफॉर्मवर गेले. अ‍ॅसिडचा वास नाकात घुसला.

"डायल बघा. डायलवर किती आहे?"

"डायल?" त्यांना कळेना. "पट्टीवर तर एकतीस हाय, मॅडम."

"पट्टी खोटी आहे. डायल बघा."

त्यांनी हातमोज्याने डायलची काच घासली. एकदा घासून दिसेना, पुन्हा घासली. मग वाकून बघितलं आणि तसेच वाकलेले राहिले.

"साठाला टेकलाय," ते म्हणाले.

दीक्षित साहेब माझ्या मागून दारात आले होते. त्यांनीही ऐकलं. "तो डायल कधीचा तपासलेला नाही. काटा अडकत असेल. मॅडम, तुम्ही आत या. इथे उभं राहायची परवानगी नाही तुम्हाला."

"साहेब, अ‍ॅसिड बंद करायला सांगा."

"आणि पट्टी खरी असली तर? अर्ध्यात अ‍ॅसिड बंद केलं की बॅच गेली. उद्या तपासणी आहे. एका पुसट डायलवर मी बॅच सोडून देऊ?"

त्यांचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. त्यांच्यासमोर दोन आकडे होते. एक नव्या मशीनचा, एक गंजक्या डायलचा. आणि तिसरी मी, प्रिंटर दुरुस्त करायला येणारी बाई.

"रिपोर्ट बंद करू द्या," मी म्हटलं. "बंद झाला की पट्टी खरा आकडा दाखवेल. साठ नसले तर मी चुकले."

ते आतल्या बाजूला वळून ओरडले. "नाईक, रिपोर्ट बंद करा."

आम्ही आत धावलो. नाईकांनी एस्केपचं बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. प्रोग्रॅम पान छापण्यात गुंतला होता आणि पान पूर्ण होईपर्यंत तो कुणाचं ऐकणार नव्हता. प्रिंटरची सुई सावकाश ताऱ्यांची एकेक ओळ टोचत होती. पट्टीवर एकतीस होते.

"मेन स्विच बंद करा ना," नाईक म्हणाले.

"नको. मशीन परत उठेपर्यंत पट्टीच दिसणार नाही. हूटरही गेला."

मी प्रिंटर बंद केला. खरखर थांबली. आता प्रोग्रॅम प्रिंटर शोधत बसला. पट्टीवर एकतीस तसेच. आतला माल अजून खिडकीतच मांडलेला होता. आम्ही तिघं त्या स्क्रीनकडे बघत होतो. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, मला तो फार वाटला. शेवटी डॉसची ती ओळ आली. प्रिंटर तयार नाही. अबॉर्ट, रिट्राय, फेल?

मी अबॉर्टचा ए दाबला.

रिपोर्टचा प्रोग्रॅम बंद झाला, स्क्रीन काळा झाला, आणि वरच्या ओळीत दोन नंबरसमोर त्रेसष्ट उमटले. त्याच क्षणी हूटर वाजू लागला.

दीक्षित साहेबांबद्दल एक गोष्ट मी कबूल करते. त्यानंतर त्यांनी एक शब्दही वाया घालवला नाही. दारातून ओरडून त्यांनी तामोऱ्यांना अ‍ॅसिड बंद करायला आणि ब्राइन पूर्ण सोडायला सांगितलं. खाली ड्रम हलवणाऱ्या माणसांना हिंदीत "सब बाहर, गेट के पास, अभी" असं सांगितलं. नाईकांना ब्राइनचा दुसरा पंप चालू करायला पाठवलं. मग माझ्याकडे वळले. "तुम्हीही जा."

"पट्टी कोण सांगणार? व्हॉल्व्ह फिरवताना तामोऱ्यांना पट्टीही बघता येणार नाही आणि डायलही."

मी राहिले. धाडस वगैरे काही नव्हतं. नजर आकड्यावर होती आणि ती काढली तर काहीतरी होईल असं वाटत होतं.

अ‍ॅसिड बंद झालं तरी आत आधीच गेलेलं अ‍ॅसिड आपलं काम करत होतं. चौसष्ट. पासष्ट. तामोरे ब्राइनचा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी उघडत होते. तो मोठा व्हॉल्व्ह, आणि पूर्ण उघडायची वेळ सहसा येत नसल्यामुळे शेवटी जड जात होता. दीक्षित साहेब प्लॅटफॉर्मवर गेले आणि त्यांनीही चाकाला हात लावला. दोघांनी मिळून तो फिरवला. मी दारात उभी राहून आकडा ओरडून सांगत होते. सहासष्ट. अडुसष्ट.

"तामोरे, उतरा खाली," दीक्षित साहेब म्हणाले.

"अजून एक फेरा हाय, साहेब."

"राहू दे. उतरा."

"एकच फेरा."

तो फेरा झाला. दोघं मागे सरले. अडुसष्टवर आकडा थांबला. तो पुढे जाणार की मागे येणार, हे आमच्यापैकी कुणाच्याही हातात राहिलं नव्हतं. ढवळणी चालू होती. हूटर वाजत होता, आणि दोन पंपांनी पाइप थरथरत होते. दीक्षित साहेबांचा एक हात कठड्यावर होता, त्यांनी तो उचलला नाही. मग आकडा सदुसष्ट झाला. मी तो लगेच सांगितला नाही. परत वर जाईल असं वाटलं. सहासष्ट झाल्यावर सांगितला.

साठच्या खाली आल्यावर हूटर आपोआप थांबला. तेवढ्या आवाजाची सवय झाली होती, त्यामुळे शांतता कानात वाजली.

तामोरे कंट्रोल रूमच्या बाहेरच्या नळावर हात धूत होते. पाणी चालू, हात पाण्याखाली, आणि धुणं संपत नव्हतं. मी बाजूला जाऊन उभी राहिले.

"मी ब्राइन बंद करत होतो, मॅडम," ते म्हणाले. "माज्याच हातानं."

"तुम्ही आकडा बघून करत होता. आकडा खोटा होता."

"हां. पन हात माजा होता ना."

मी नळ बंद केला. ते आत गेले.

दुपारी मी ऑफिसात फोन लावला. चौधरी सरांची फर्म होती ती. त्यांनीच मला काम शिकवलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "सेन्सर आहे ना?"

"नाही सर. आपण चालू करून दिलेली एक्स्पांडेड मेमरी आहे. खिडकी बरोबर कार्डाच्या पत्त्यावर पडली आहे. सेटिंगची फाइल उघडून बघितली मी."

"हे त्यांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"सांगू नकोस. सेटिंग काढून टाक आणि सेन्सरचं कनेक्शन लूज होतं म्हण. चालू झालं म्हणजे झालं."

"सेटिंग काढली की रिपोर्ट चालणार नाही, सर. ते परत ओरडतील आणि कोणीतरी येऊन परत तीच सेटिंग करून देईल."

"राऊत, बोईसरला आपले किती क्लायंट आहेत माहीत आहे ना? एकाने ऐकलं की सगळ्यांना कळेल."

"बघते सर," मी म्हटलं. बघते हा आमच्या धंद्यातला फार उपयोगी शब्द आहे. त्याचा अर्थ हो पण होत नाही आणि नाही पण होत नाही.

फोन ठेवला तेव्हा आत वादावादी चालू होती. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मुंबईच्या कंपनीशी दीक्षित साहेबांचं बोलणं झालं होतं. आमच्या प्रोग्रॅममध्ये दोष नाही, कार्ड तपासा, असं त्यांनी सांगितलं होतं. कार्डवाले सेन्सर तपासा म्हणत होते. कारखान्याचा फिटर स्वतः टाकलेल्या नव्या वायरीकडे बोट दाखवून ती ठीक असल्याचं सांगत होता. मी सेन्सर म्हटलं असतं तर सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असता. फिटर सोडून.

दोन नंबरचा माल पूर्ण थंड होऊन रिअ‍ॅक्टर बंद झाला, तेव्हा मी दीक्षित साहेबांना म्हटलं, "एक गोष्ट दाखवते. चहा मागवा."

एक नंबरचा सेन्सर काढून घेतला. त्याची वायर दारापर्यंत पुरत होती. चहाचा गरम ग्लास स्टुलावर ठेवला आणि सेन्सर त्यात बुडवला. पट्टीवर एक नंबरचा आकडा भराभर सत्तरच्या पुढे गेला, हूटरही वाजला. सेन्सर गार पाण्यात घातला, आकडा खाली आला.

"सेन्सर, वायर, कार्ड, सगळं ठीक आहे," मी म्हटलं. "आता नाईक साहेब, मघाचाच रिपोर्ट लावा."

रिपोर्ट सुरू झाला. पट्टीवर बावन्न आले. मी सेन्सर परत चहात घातला. बावन्न. पाण्यात घातला. बावन्न. सेन्सर हातात उंच धरला. आलेखाचा पुढचा तुकडा आला आणि पट्टी त्रेपन्न झाली.

दीक्षित साहेबांनी ग्लासकडे बघितलं, मग पट्टीकडे. "मग हे कुणाचं तापमान?"

"तुमच्या जुन्या बॅचचं. रिपोर्ट जे पान उघडतो, तेच पट्टी वाचते. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं आली आहेत. कार्डाला कळत नाही, रिपोर्टला कळत नाही, आणि पट्टीला तर काहीच कळत नाही."

"हे पहिल्यापासून असं आहे?"

"नाही. महिन्यापूर्वी तुम्ही मेमरी अपुरी पडते म्हणून तक्रार केली होती, तेव्हापासून. ती सेटिंग आमच्या ऑफिसने केली आहे."

नाईकांनी मान वर केली. दीक्षित साहेबांचा आवाज चढेल असं वाटलं होतं, तो चढला नाही.

"तुम्ही हे मला सांगताय, हे तुमच्या मालकांना माहीत आहे?"

"नाही."

"हं." त्यांनी चहाचा ग्लास उचलून बाजूला ठेवला. "आणि डायलचं रीडिंग घेणं मी बंद केलं होतं. कॉम्प्युटर असताना दुहेरी काम कशाला, म्हणून. हे माझ्या मालकांना माहीत नाही."

मग ते व्यवहारावर आले. "उद्यापुरतं असंच ठेवू. बॅच चालू असताना रिपोर्ट काढायचा नाही, एवढंच ना?"

"नाही साहेब. एक्स्पांडेड मेमरी मागणारा कुठलाही प्रोग्रॅम हेच करेल. उद्या कोणी पाहुण्यांना काही दाखवायला म्हणून दुसरा प्रोग्रॅम लावला, तर पट्टीवर तापमानाऐवजी भलतंच काही येईल. आज निदान ओळखता तरी आलं."

"मग दुरुस्त करा."

"करते. पण दुरुस्त केलं की या मशीनवर रिपोर्ट चालणार नाही. जागाच उरत नाही. पट्टी किंवा रिपोर्ट, दोन्हीपैकी एक."

खिडकी दुसरीकडे सरकवता येईल का, हे मी आधीच करून बघितलं होतं. वरच्या भागात तेवढी सलग मोकळी जागा त्या मशीनमध्ये नव्हती. हे मशीन दोघांना पुरणारं नव्हतं, आणि महिनाभर ते पुरत असल्यासारखं दिसत होतं.

शेवटी रिपोर्टसाठी अकाउंट्सचं मशीन आलं. अकाउंट्सवाल्यांनी कुरकुर केली, पगाराचं काम अडेल म्हणाले. दीक्षित साहेबांनी त्यांना कारण सांगितलं नाही, फक्त मशीन उचलायला माणसं पाठवली. कंट्रोल रूमच्या मशीनमधली एक्स्पांडेड मेमरी मी बंद केली. कार्डाच्या जागेला कुणी हात लावू नये, अशी सूचना मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये घातली. एका ओळीचं काम होतं ते. मशीन बंद करून चालू केलं, सेन्सर परत चहात बुडवला. चहा एव्हाना गार झाला होता. पट्टीनेही गारच दाखवला.

तपासणी दुसऱ्या दिवशी झाली. आमच्या फर्मचं त्या कारखान्यातलं कंत्राट पुढच्या वर्षी वाढवलं नाही. दीक्षित साहेबांनी सांगितलं की त्यांच्या मालकांनी तसं ठरवलं. चौधरी सर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत. बोईसरच्या बाकी क्लायंटकडे बातमी गेलीच, पण ती थोडी वेगळ्या रूपात गेली. ज्यांच्याकडे असली कार्डं होती ते ऑफिसात फोन करून आमच्या मशीनमध्येही बघून जा म्हणायचे, आणि राऊत मॅडमना पाठवा म्हणायचे. आणखी एका कारखान्यात तशीच खिडकी तशाच जागी सापडली. तिथे काही घडलं नव्हतं. त्यानंतर चौधरी सरांनी अजितला आणि मला समोर बसवून नियम केला की मेमरीची कुठलीही सेटिंग केली की आधी कार्डांचे पत्ते तपासायचे. नियम कुठून आला हे ते बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

तामोरे त्या कारखान्यात निवृत्त होईपर्यंत होते. मधे एकदा बोईसरच्या बाजारात भेटले. डायलची काच आता दर शिफ्टला पुसतात, असं त्यांनी सांगितलं.

दोन प्रोग्रॅमचं पटलं नाही की मशीन हँग होतं आणि लोक आम्हाला वैतागून फोन करतात. मला अशा फोनची कधी भीती वाटली नाही. हँग झालेल्या मशीनवर कोणी विश्वास ठेवत नाही, त्यामुळे ते फारसं नुकसान करू शकत नाही. मी जास्त घाबरते ती "आता सगळं एकदम मस्त चाललंय" असं सांगणाऱ्या फोनला.